डँडेलियनचा चहा: नातेवाइकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

कॅनडातल्या ऑन्टारियोत मे महिना उजाडला की घराघरांपुढची हिरवळ पिवळ्या फुलांनी भरून जाते. २२ एप्रिल २००९ पासून या प्रांतात नुसत्या शोभेपायी तणनाशकं मारायला बंदी आहे, त्यामुळे डँडेलियनला मोकळं रान मिळालंय. शेजारी गुडघे टेकून ते उपटत असतात आणि त्याच सुमारास माझ्या फोनवर पुण्या-नाशिकहून निरोप येतात: "ताई, डँडेलियनचा चहा लिव्हरला चांगला म्हणतात. येताना चार पाकिटं आणशील?" दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. हा चहा मी बरीच वर्षं पिते, मुळं स्वतः खणून भाजते आणि त्यावर जे संशोधन छापून येतं ते वाचते, एवढीच माझी पात्रता.

डँडेलियन म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे होतं का?

सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातलं हे तण. पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली, कडा करवतीसारख्या. त्या दातांवरूनच फ्रेंच लोकांनी त्याला 'सिंहाचा दात' म्हटलं आणि त्याचा अपभ्रंश होऊन इंग्रजीत डँडेलियन झालं. मधून एक पोकळ, बिनपानांचा, बिनफांद्यांचा दांडा वर येतो आणि टोकाला एकच फूल. दांडा मोडला की पांढरा चीक येतो. तो बोटांवर सुकला की तपकिरी डाग पडतात आणि दोन दिवस साबणाला दाद देत नाहीत. फुलाचं नंतर पांढरं झुपकेदार गोल होतं आणि इथली पोरं ते फुंकून उडवतात. आपण रुईच्या म्हाताऱ्या पकडायचो, तसंच. पण म्हातारी आणि पांढरा चीक एवढ्यावरून कुणी रुईशी नातं जोडू नका. रुई विषारी आहे, तिचा याच्याशी काही संबंध नाही.

भारतात डँडेलियन हिमालयाच्या पट्ट्यात होतं. हिंदीत त्याला दुधल म्हणतात, संस्कृतात दुग्धफेनी. काश्मिरात त्याला हंद म्हणतात आणि तिथे ती चक्क भाजी आहे. वसंतात कोवळी पानं खुडायची, मटणात किंवा कोंबडीत शिजवायची, उरलेली हिवाळ्यासाठी वाळवून ठेवायची. बाळंतिणीला तर ती आवर्जून देतात, आपल्याकडे अळीव आणि डिंकाचे लाडू देतात तशी.

महाराष्ट्रात पावसाळ्यात बाजारात येणारी पाथरीची भाजी याच कुळातली. पानं बरीचशी तशीच दिसतात, चीकही येतो. जुन्या पुस्तकांत दोन्हींची नावं एकमेकांत मिसळलेली सापडतात, पण झाडं वेगळी आहेत.

याला 'चहा' का म्हणायचं? यात कॅफिन असतं का?

चहाच्या पानाशी काही देणंघेणं नाही. काढाच तो. कॅफिन अजिबात नसतं.

पानांचा आणि मुळांचा, दोन्ही एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. पानांचा चहा हिरवट-पिवळा, गवताच्या वासाचा, कडवट. परंपरेने तो लघवी साफ होण्यासाठी घेतात. मुळाचा चहा दोन तऱ्हेचा. कच्च्या वाळलेल्या मुळाचा मातकट आणि कडू लागतो. भाजलेल्या मुळाचा रंग, वास, कडवटपणा सगळं कॉफीच्या वाटेने जातं. फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळतात ना, ती चिकोरी याची चुलत बहीण. तिचंही मूळच भाजतात. कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा युरोपात लोकांनी दोन्हींवर दिवस काढले आहेत.

फुलांचाही चहा करतात. दिसायला छान, बाकी विशेष काही नाही.

तेव्हा 'डँडेलियन टीचे दहा फायदे' असा लेख समोर आला की आधी बघा, तो पानांबद्दल बोलतोय की मुळांबद्दल. बहुतेक लेखांत दोन्हींची खिचडी असते, वर पानांच्या भाजीतली जीवनसत्त्वंही चहाच्या नावावर जमा केलेली असतात.

यातून खूप जीवनसत्त्वं मिळतात म्हणे?

पानं खाल्लीत तर मिळतात. १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम, ३.१ मिलिग्रॅम लोह, ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ३९७ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. के जीवनसत्त्व तर ७७८ मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या सहापट. पालेभाजी म्हणून हे पान कुणालाच हार जाणार नाही.

चहात मात्र तुम्ही चमचाभर वाळलेली पानं गरम पाण्यात बुडवता आणि गाळून टाकून देता. अ आणि के ही जीवनसत्त्वं तेला-तुपात विरघळणारी, पाण्यात ती उतरत नाहीत. क जीवनसत्त्व वाळवताना आणि उकळत्या पाण्यात बरंचसं जातं. पाण्यात उतरतं ते पोटॅशियम आणि काही कडू द्रव्यं. मेथीचं पाणी प्यायचं आणि मेथीची भाजी कचऱ्यात टाकायची, असा हा प्रकार. म्हणून माझ्या घरी पानांचा चहा क्वचित होतो, भाजी मात्र नेहमी होते. फूल यायच्या आधीची कोवळी पानं घ्यायची, उकळत्या पाण्यातून काढून पिळायची, मग लसूण, सुकी मिरची आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून परतायची. मेथीपेक्षा अंमळ कडू होते. भाकरी इथे रोज जमत नाही, तांदळाच्या मऊ भाताबरोबर खातो.

लिव्हर साफ होतं का? सगळे त्याचसाठी घेतात.

या प्रश्नाला जरा वेळ देते.

यकृत म्हणजे काही स्वयंपाकघरातली चिमणी नाही, वर्षभराची काजळी साचली आणि चहाने धुऊन काढली असं व्हायला. ते रोजच्या रोज रक्तातली नको असलेली द्रव्यं बदलून पित्तरसावाटे किंवा मूत्रपिंडावाटे बाहेर काढायची सोय करत असतं. त्यात साचलेलं 'विष' चहा पिऊन बाहेर काढता येतं, असं दाखवणारं काही नाही.

मग ही समजूत आली कुठून? कडू वनस्पती जिभेला लागली की लाळ सुटते, पचनाचे रस वाढतात, पित्तरस वाहतो. पित्तरस यकृतात बनतो, म्हणून कडू ते यकृताला चांगलं, असा हिशेब युरोपात, अरबांकडे, चीनमध्ये आणि आपल्याकडेही शेकडो वर्षं मांडला गेला. हिशेब अगदीच खुळा नाही, पण तो सिद्ध झालाय असंही नाही. उंदरांवर प्रयोग झाले आहेत. यकृताला मुद्दाम इजा करणारी रसायनं देऊन मग डँडेलियनचा अर्क दिला, तेव्हा इजा कमी दिसली. माणसांवर मात्र यकृतासाठी भरवसा ठेवावा अशी मोठी चाचणी झालेली नाही.

आता गंमत बघा. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने या मुळाला आणि पानाला पारंपरिक औषधाची मान्यता दिली आहे. कशासाठी? पोट फुगणं, गॅस, जड वाटणं, हळू पचन अशा किरकोळ तक्रारींसाठी आणि लघवीचं प्रमाण वाढवण्यासाठी. ही मान्यताही प्रयोगांच्या जोरावर नाही, तर किमान तीस वर्षं वापरात आहे, त्यातली पंधरा युरोपात, या आधारावर. आणि त्याच कागदावर मुळाच्या बाबतीत लिहिलंय: यकृताचा आजार, पित्तनलिकेत अडथळा, पित्ताशयातले खडे, पोटातला अल्सर असेल तर घेऊ नका. म्हणजे ज्यांना लिव्हरचा त्रास आहे म्हणून पाकीट मागवलं जातं, नेमकं त्यांनाच ते नको म्हटलेलं आहे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला 'लिव्हर डिटॉक्स' मोठ्या अक्षरांत असतं, ही ओळ मागे मुंगीच्या अक्षरांत असते, किंवा नसतेच.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आलंय. घेऊ का?

त्यासाठी घेऊ नका. फॅटी लिव्हरवर वजन उतरवणं, चालणं, गोड आणि दारू कमी करणं यांचा उपयोग होतो, हे पक्कं माहीत आहे. दिवसातून तीन वेळा साखरेच्या दुधाळ चहाऐवजी बिनसाखरेचं काहीही प्यायलात, तर फायदा होईल तो साखर गेल्याचा. श्रेय डँडेलियनला देऊ नका.

लघवी साफ होते आणि सूज उतरते, हे तरी खरं का?

यात तथ्य आहे. फ्रेंच भाषेत या झाडाचं एक चालतं नाव आहे, त्याचा सरळ अर्थ 'अंथरूण ओलं करणारं'. इतकी जुनी ख्याती उगीच होत नाही.

२००९ मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला. १७ जणांना एका दिवसात तीन वेळा पानांचा अर्क दिला, दर खेपेला ८ मिलिलिटर. पहिल्या मात्रेनंतरच्या पाच तासांत लघवीच्या खेपा वाढल्या. दुसऱ्या मात्रेनंतर प्यायलेल्या पाण्याच्या मानाने लघवीचं प्रमाण वाढलं. तिसऱ्या मात्रेनंतर काहीच फरक दिसला नाही. प्रयोग १७ जणांचा, एका दिवसाचा, तुलनेला दुसरा गट नाही, आणि दिलेला होता तो मद्यार्कात काढलेला अर्क, चहा नव्हे. तरी डँडेलियनबद्दल माणसांवर झालेल्या कामात एवढंच जरा धरून चालण्यासारखं आहे.

घरचा पुरावा हवा असेल तर आमचे एक काका. उन्हाळ्यात इथे आले होते, चव आवडली म्हणून रात्री जेवणानंतर दोन मोठे मग प्यायले आणि पहाटेपर्यंत जिन्याचे दिवे चार वेळा लागले. तेव्हापासून संध्याकाळी पाचनंतर आमच्याकडे हा चहा बंद.

पायावर सूज असेल तर मात्र ती का आहे हे आधी तपासून घ्या. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड यांपैकी कशामुळेही सूज येते. तिथे चहा पीत बसणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं.

वजन कमी होतं का?

लघवी जास्त झाली की काट्यावर अर्धा किलो कमी दिसू शकतं. ते पाणी असतं, संध्याकाळपर्यंत परत येतं.

बीपीची गोळी चालू आहे. सोबत चालेल?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्याचं कारण पोटॅशियम. डँडेलियनच्या पानांत ते भरपूर असतं आणि पाण्यात उतरतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम थोडं वाढतं. स्पायरोनोलॅक्टोन असेल तर आणखी. मूत्रपिंड धडधाकट असेल तर ते जास्तीचं पोटॅशियम टाकून देतं, पण थकलेलं असेल तर साचतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांनी, हृदय कमजोर असलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी हे टाळावं, असं युरोपच्या त्याच कागदात म्हटलंय. फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी चालू असेल तर वरून लघवी वाढवणारा चहा कशाला?

शुगरसाठी उपयोग होतो का?

उंदरांवर आणि काचेच्या बशीतल्या पेशींवर परिणाम दिसलेत. माणसांत उपचार म्हणून वापरावं असं काही सिद्ध नाही. उलट, इन्सुलिनवर असलेल्या एका बाईंनी रोज सॅलडमधून ही पानं खायला सुरुवात केली आणि त्यांची साखर खाली घसरली, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. एका नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ती लक्षात ठेवावी.

'४८ तासांत कॅन्सरच्या ९८ टक्के पेशी मारतं' असा मेसेज आलाय. खरा आहे का?

हा मेसेज दर सहा महिन्यांनी नवे कपडे घालून येतो. त्यामागे एक खरं काम आहे आणि ते आमच्याच ऑन्टारियोत झालंय. विंडसर विद्यापीठातले सियाराम पांडे आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं डँडेलियनच्या मुळाच्या अर्काचा अभ्यास करत आले आहेत. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशी ४८ तासांत मेल्या. उंदरांमध्ये रुजवलेल्या गाठींची वाढही बरीच रोखली गेली.

एवढं खरं. पुढचं सगळं फॉरवर्ड करणाऱ्यांचं. बशीतल्या पेशींवर अर्क थेट ओततात. तुम्ही कपभर चहा प्यायलात की तो पोटातून, आतड्यांतून, यकृतातून जातो, त्यातलं रक्तात किती पोचतं आणि गाठीपर्यंत किती, हा निराळाच प्रश्न. बशीत पेशी मारणाऱ्या पदार्थांची यादी मारुतीच्या शेपटीएवढी आहे, त्यातले माणसात औषध म्हणून उभे राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. केमो चालू असताना कुणाच्या सांगण्यावरून हे सुरू करू नका, कारण औषधांशी याचं कसं जमेल ते ठाऊक नाही. आणि केमो थांबवून तर नाहीच नाही. असा सल्ला देणारा माणूस जवळचा असला तरी त्याला सरळ 'गप्प बस' म्हणावं.

पित्तावर चांगला का?

इथे आपल्या भाषेनेच घोळ घातलाय. 'मला पित्त झालंय' असं आपण म्हणतो तेव्हा छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी, म्हणजे ॲसिडिटी असते. परदेशी लेखात असतं ते पित्ताशयातल्या पित्तरसाबद्दल. भाषांतर करणारा दोन्हीकडे 'पित्त' लिहून मोकळा होतो आणि वाचणारा म्हणतो, वा, पित्तावर औषध!

कडू काढ्याने जठरातलं आम्ल वाढू शकतं. म्हणजे ज्याला 'पित्ताचा त्रास' आहे त्याची जळजळ वाढायचीच शक्यता जास्त. पित्ताशयात खडे असतील तर पित्तरसाचा ओघ वाढवणं म्हणजे खड्याला नलिकेत ढकलण्याचा धोका. त्यावेळी उठणारी कळ ज्याने सोसलीय तो चहाचं नाव काढणार नाही.

मूतखडा विरघळतो का?

विरघळत नाही. पाणी भरपूर प्या, ते जास्त उपयोगी आणि फुकट.

पोट साफ होतं का?

मुळांत इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. आपल्याला तो पचत नाही, पण आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना तो आवडतो. झाड हिवाळ्याची बेगमी म्हणून तो मुळात साठवतं, त्यामुळे शरदात खणलेल्या मुळात ४० टक्क्यांपर्यंत इन्युलिन असतं आणि वसंतात जेमतेम २ टक्के. ऑक्टोबरात मूळ खणावं असं इथल्या म्हाताऱ्या सांगतात, ते यामुळे. चहात त्यातलं थोडं उतरतं. काहींना त्याने गॅसेस होतात, पोट सैल होतं. मला होत नाही, आमच्या घरात एकाला होतात, नाव सांगत नाही.

मुरुम, पीसीओएस, केस गळणं, सांधेदुखी?

या चारांपैकी एकासाठीही माझ्या वाचनात धड काही आलेलं नाही.

कुणी अजिबात पिऊ नये?

वर बरेच जण आलेच: पित्ताशयाचे खडे, यकृताचा आजार, अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, कमजोर हृदय. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावा, कारण त्यांच्यासाठी सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेशी माहिती जमलेली नाही. (काश्मिरात बाळंतीण हंद खाते ते भाजी म्हणून, तिथल्या पिढ्यांच्या अनुभवावर. त्यावरून मुळाचा कडक काढा चालेल असं होत नाही.) बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

औषधांपैकी लिथियम (मनोविकारावरचं औषध) घेणाऱ्यांनी फार सांभाळावं, कारण लघवीचं प्रमाण बदललं की रक्तातली लिथियमची पातळी हलते आणि ते औषध पातळीच्या बाबतीत अतिशय नाजूक असतं. वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमरॉल, म्हणजे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेत असाल तर चहापेक्षा भाजीची भीती जास्त. के जीवनसत्त्व या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं आणि पानांत ते किती असतं ते वर आलंच आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तेवढे दिवस चहा बंद ठेवा. याच्या चिनी भाऊबंदाने ते औषध रक्तात कमी शोषलं जातं, असं उंदरांत दिसलंय.

ॲलर्जी होऊ शकते का?

हो, आणि हा प्रश्न महाराष्ट्रातल्या लोकांनी जास्त विचारायला हवा, पण कुणीच विचारत नाही. गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतो, ते याच कुळातलं. भारतात ते पन्नासच्या दशकात पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच. त्याच्या वाऱ्यानेही चेहरा, मान, कोपराच्या घड्या लाल होऊन खाजणारी, कातडी जाड होणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या त्रासाला जी द्रव्यं कारण असतात त्यांच्याच जातीची द्रव्यं डँडेलियनमध्येही असतात आणि त्वचेची ॲलर्जी एकाकडून दुसऱ्याकडे सरकू शकते. शेवंती किंवा झेंडू हाताळून ज्यांना पुरळ येतं त्यांनीही जपून राहावं.

रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर चीक अंगाला लावून घेऊ नका. त्यात खरंच रबर असतं. याच्या कझाकस्तानातल्या एका भाऊबंदाच्या मुळांतून सोव्हिएत रशियाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रबर काढलं होतं.

एवढं सगळं सांगून तू का पितेस मग?

चवीसाठी! दुपारी चारला कॉफी घेतली तर मला रात्री झोप येत नाही, आणि हातात गरम, कडू, काळं काहीतरी हवं असतं. त्यात कॅफिन नाही, मी साखर घालत नाही, जेवणाआधी घेतला तर भूक बरी लागते. मला एवढं पुरे आहे.

घरी कसा करायचा?

पानांचा सोपा. कपभर उकळतं पाणी, त्यात वाळलेल्या पानांचा एक-दोन चमचे चुरा, वर झाकण, सात-आठ मिनिटं, गाळा, प्या. लिंबू छान लागतं.

मुळाचा कष्टाचा आहे. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना खणायला घ्यायचं. मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, ओढलं तर तुटतं आणि तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा झाड उगवतं. चार-पाच पाण्यांनी ब्रशने घासून धुवायचं. सालीच्या सुरकुत्यांत माती दडून बसते आणि नंतर दाताखाली येते. बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दोन दिवस सुकवायचे आणि मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतायचे. आधी ओल्या मातीचा वास येतो आणि वाटतं, फुकट गेली मेहनत. पंधरा-वीस मिनिटांनी वास पालटतो, खोबरं भाजताना येतो त्याच्या जवळ जातो. तुकडे कॉफीच्या बियांसारखे गडद झाले आणि दाबल्यावर कटकन मोडले की आच बंद. याच्यापुढे एक मिनिट जास्त झालं तरी कोळसा. भांडंभर मुळांचे शेवटी मूठभर तुकडे राहतात. भरड कुटून ठेवायचे आणि कपाला एक चमचा घालून दहा मिनिटं उकळायचे.

दूध घातलं तर चालतं का?

भाजलेल्या मुळाच्या चहात खुशाल घाला, फिल्टर कॉफीसारखा लागतो. पानांच्या चहात दूध घालून बघितलंय. एकदाच.

दिवसाला किती?

तब्येत ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाला एक-दोन कप पुष्कळ झाले. युरोपात पानांची औषधी मात्रा ४ ते १० ग्रॅम, दिवसातून तीनदा अशी सांगतात, पण ती औषध म्हणून. दोन आठवड्यांत तक्रार गेली नाही तर डॉक्टरकडे जायचं, हे त्यात गृहीत आहे.

परदेशात राहतो. अंगणातलं तोडून वापरलं तर?

अंगण तुमचं असेल आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यावर काही फवारलं नसेल तर वापरा. अमेरिकेतल्या बऱ्याच वसाहतींत हिरवळीची कंत्राटं असतात. फवारा मारून जाणारा माणूस एक छोटी पाटी रोवून जातो, ती दोन दिवसांत उडून जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. रस्त्याच्या कडेचं, रेल्वेरुळांजवळचं, जुन्या कारखान्याच्या जागेवरचं कधीच नको. हे झाड मातीतले जड धातू शोषून घेतं, इतकं की प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ त्याची पानं गोळा करतात. कुत्री फिरवायच्या वाटेवरचं का नको, ते सांगायला नको.

ओळखताना दांडा बघा. पोकळ, गुळगुळीत, एका दांड्याला एकच फूल आणि पानांवर राठ लव नाही, तर ते डँडेलियन. फांद्या फुटल्या असतील किंवा पानं केसाळ असतील तर दुसरं काहीतरी आहे.

भारतात ऑनलाइन मागवताना काय बघू?

पाकिटावर पान, कच्चं मूळ की भाजलेलं मूळ, हे लिहिलेलं हवं. 'डिटॉक्स ब्लेंड' असेल तर घटकांची यादी वाचा. पुष्कळदा त्यात सोनामुखी मिसळलेली असते आणि 'पोट काय साफ झालं!' हा चमत्कार तिचा असतो. सोनामुखी रोज घ्यायची वस्तू नाही. किंमत बघून छातीत धस्स झालं तर कुठलंही पाकीट न घेता चिकोरी आणा. चिकोरीचं पीक गुजरातेत होतं, तिच्यातही इन्युलिन असतं, भाजलेली असते आणि चवीत उन्नीस-बीसचा फरक.

तरी येताना चार पाकिटं आणशील?

दोन आणते. एक मावशीचं, तिला चव आवडते. दुसरं ज्याला हवं त्याने आधी मला आपल्या चालू गोळ्यांची नावं पाठवायची.